जुन्या मोटारीचीं पायताणें

बैलगाडीच्या चाकास लोहार धांव चढवितो तें दृश्य ज्या श्रोत्यांनीं पाहिलें असेल, त्यांस चाकाचें शास्त्र निराळें शिकविण्याची गरज नाहीं. लोखंडाचें कडें तापवून लाल करावयाचें, चाकावर ठोकून बसवावयाचें आणि वरून पाणी ओतावयाचें. कडें आंवळतें आणि लांकूड कायमचें त्याच्या मुठींत राहतें. या धांवेचें काम एकच : लांकडाऐवजीं आपण झिजणें. मोटारीच्या टायरकडून मात्र तीन गोष्टींची अपेक्षा असते. त्यानें रस्ता धरून ठेवावा, त्यानें लवकर झिजूं नये, आणि तो धन्याच्या खिशास परवडावा. या तीन अपेक्षा एकमेकींशीं भांडतात. मऊ रबर रस्ता घट्ट धरतें, पण लवकर संपतें. कठीण रबर पुष्कळ टिकतें, पण ओल्या वळणावर दगा देतें. आणि दोन्ही गुण एकत्र आणावे तर किंमत चढते. टायरचा सुमारें एकशें ऐंशी वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं या भांडणाचा इतिहास आहे. आणि बेताच्या मिळकतींत एखादी जुनी स्पोर्ट्स मोटार बाळगणाऱ्या पाश्चात्त्य गृहस्थास तो इतिहास आपल्या चार चाकांपुरता पुन्हां वाचावा लागतो.

हवेच्या टायरची पहिली सनद १८४५ च्या डिसेंबरांत रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणास मिळाली. रबर चढविलेल्या कापडाची नळी, तींत हवा, आणि वरून चामड्याचें आवरण अशी त्याची रचना होती. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोडागाडीस हीं चाकें लावून लोकांस दाखविण्यांत आलीं. गाडी आवाज न करतां चाले, घोड्यास ओढ कमी लागे, आणि एक जोड तर सुमारें १२०० मैल टिकला असें सांगतात. तरीहि तें चाक बाजारांत चाललें नाहीं, कारण त्यास लागणारें पातळ रबर त्या काळीं सहजीं व स्वस्त मिळत नव्हतें. गुणांत हा टायर कमी पडला नव्हता. तो किंमतींत हरला. थॉमसन १८७३ त वारला, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलकरितां तीच युक्ति स्वतंत्रपणें पुन्हां शोधून काढली. डनलॉपची सनद पुढें थोरल्या सनदेमुळें रद्द झाली, पण तोंवर सायकलचा काळ आला होता आणि गिऱ्हाईक तयार होतें.

मोटारीखालीं हवा भरण्याचें धाडस मिशेलिन बंधूंनीं १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत केलें. वाटेंत टायर वारंवार फुटले, ठरलेली मुदत टळून गेली, आणि त्यांच्या गाडीस बक्षीस मिळालें नाहीं. परंतु सुमारें १२०० किलोमीटरांचा रस्ता तिनें पुरा केला, हें पाहणारांनीं पाहिलें. त्या काळचे टायर फिकट रंगाचे असत. पुढें रबरांत बारीक काजळी मिसळली असतां तें कितीतरी अधिक टिकतें असें आढळून आलें, आणि १९१० नंतरच्या वर्षांत टायरांस आजचा काळा रंग आला. हा रंग शोभेचा नव्हे.

यानंतरचा मोठा फेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत फ्रान्समध्यें झाला, आणि जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा होय. तोंवर टायरच्या पोटांत दोऱ्यांचे थर बाजेच्या विणीप्रमाणें तिरपे, एकमेकांस छेद देऊन बसवीत. अशा टायरचा तळ आणि बाजू एकाच विणीचे असल्यामुळें वळणावर बाजू कलली कीं तळहि मुरडे आणि त्याची एक कड रस्त्यावरून उचलली जाई. शिवाय थर एकमेकांवर घासून तापत ते वेगळेंच. मिशेलिनच्या कारखान्यांतील मारियुस मिन्योल हा गृहस्थ मूळचा छापखान्याच्या कामांतला. टायर कां तापतो हें तपासण्यासाठीं त्यानें बाजूंच्या जागीं नुसत्या आडव्या तारा असलेला एक टायर बनविला. कारखान्यांतील लोक त्यास ‘माशांचा पिंजरा’ म्हणत. त्या पिंजऱ्यांतून जी रचना निघाली तिची सनद जून १९४६ मध्यें घेण्यांत आली, आणि १९४९ त ‘मिशेलिन एक्स’ या नांवानें तो टायर बाजारांत आला. यांत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि तळाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू हवी तशी लवते. तळ मात्र रस्त्यावर सपाट राहतो. यासच रेडियल टायर म्हणतात. तो रस्ता अधिक धरतो आणि अधिक टिकतोहि. पूर्वींच्या भांडणांत दोन पक्षांचा असा समेट प्रथमच झाला.

परंतु मोटारी जुन्याच टायरांच्या हिशेबानें आंखलेल्या होत्या. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ सालीं निघूं लागलेली एम. जी. बी. ही दोन आसनांची मोटार प्रथम तिरप्या विणीच्या टायरांवर विकली जाई; रेडियल हवे असल्यास जास्त पैसे मोजावे लागत. तिरप्या विणीचा टायर घसरण्यापूर्वीं चालकास पुरेशी सूचना देतो आणि मग सावकाश घसरतो. रेडियल पुष्कळ वेळ धरून ठेवतो, पण सुटला कीं जरा एकाएकीं सुटतो. दोन्ही एकाच गाडीवर मिसळणें तर धोक्याचेंच. पुढें रेडियल आणि मागें तिरप्या विणीचे टायर लावण्यास ब्रिटनमध्यें कायद्यानें बंदी आहे, कारण अशी गाडी वळणावर शेपूट पुढें काढते. एम. जी. बी. १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत निघत होती. पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आज तिच्या मालकांपुढें प्रश्न असा कीं, ज्या अरुंद मापावर तिचा स्वभाव बेतलेला, तें माप आतां नेहमींच्या दुकानांत क्वचितच मिळतें.

माप कोठें गेलें? तें वाढत गेलें. १९७० नंतर पिरेल्लीच्या पी-७ सारखे रुंद आणि ठेंगणे टायर शर्यतींतून रस्त्यावर आले, चाकांचे व्यास वाढूं लागले, आणि कारखान्यांचें लक्ष तिकडे वळलें. जपानच्या माझदा कंपनीनें १९८९ सालीं एम. एक्स. ५ ही लहान स्पोर्ट्स मोटार काढली, तेव्हां तिच्या आखणाऱ्यांनीं हा प्रवाह मानला नाहीं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावे असें त्यांचें ब्रीद होतें. त्यांनीं सुमारें ९५० किलो वजनाच्या त्या गाडीस १८५/६०आर१४ मापाचे साधे टायर दिले. ही संख्या मंत्रासारखी दिसते, पण अर्थ सोपा आहे : रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ६०, रेडियल रचना, आणि १४ इंचांचें चाक. हवेचा दाब चौरस इंचास २६ पौंड ठेवावा असें कारखाना सांगे. त्या हिशेबानें रिकाम्या गाडीचा प्रत्येक टायर रस्त्यास सुमारें १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट एका पंजाएवढ्या जागेंतच शिवतो. गाडीचें वळणें, थांबणें, माणसांचे जीव, सारें त्या चार पंजांवर.

या गाडीचा दहा लक्षावा नग एप्रिल २०१६ मध्यें निघाला, इतकी ती लोकप्रिय ठरली. परंतु तिच्या पहिल्या पिढीच्या १४ इंची चाकांकरितां चांगले वेगवान टायर मात्र दुर्मिळ होत गेले. तेव्हां मालकांनीं गणित मांडलें. १८५/६०आर१४ टायरचा एकूण व्यास सुमारें ५७८ मिलिमीटर भरतो आणि १९५/५०आर१५ चा ५७६. म्हणजे १५ इंची चाकें घातलीं तरी गाडीची उंची बदलत नाहीं, वेगदर्शक कांटा खोटें बोलत नाहीं, आणि दुकानांत निवड पुष्कळ मिळते. चाकांचा खर्च एकदांच. टायरांची बचत दर खेपेस. ही युक्ति कोणा कारखान्याची नव्हे, ती गरजेनें शिकविली.

निवडींत लोक बहुधा दोन चुका करतात. एक, सर्वांत महाग तोच चांगला असें समजणें. टायरवर शेवटीं जें अक्षर असतें तें वेगाची मर्यादा सांगतें. एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. पहिल्या एम. एक्स. ५ चा वेग २०० च्या आंतच थांबतो, तेव्हां तिच्याकरितां एच पुरें. भारी गाडीसाठीं केलेल्या महागड्या टायरची ताठ बाजू हलक्या गाडीखालीं लवतहि नाहीं आणि रबर नीट तापतहि नाहीं. उलट मऊ रबर हलक्या गाडीखालीं सावकाश झिजतें, हा लहान गाडीवाल्याचा फायदा आहे. दुसरी चूक झिजेच्या आंकड्यावर फाजील विश्वास ठेवण्याची. अमेरिकन सरकारनें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा आंकडा टायरवर छापणें सक्तीचें केलें. टेक्सासमधील ६४० किलोमीटरांच्या ठराविक फेऱ्यावर प्रमाण टायरशीं तुलना करून तो काढतात. १०० म्हणजे प्रमाणाइतका, ४०० म्हणजे चौपट. पण ही परीक्षा घेणारा आणि गुण देणारा स्वतः कारखानदारच असतो. शाळेंत विद्यार्थ्यांस स्वतःचे पेपर तपासावयास दिले तर काय होईल तें सांगावयास नको. एकाच कारखान्याचे दोन टायर ताडून पाहण्यास तो आंकडा उपयोगी. दोन कारखान्यांचे ताडून पाहण्यास फारसा नाहीं. उन्हाळी टायर थंडींत, साधारण ७ अंशांखालीं, कडक होऊं लागतात, हेंहि थंड मुलुखांतील माणसानें ध्यानांत धरलें पाहिजे.

जुन्या गाडीचा खरा शत्रु मात्र झीज नव्हे. अशा गाड्या वर्षांतून थोड्याच चालतात. टायरच्या नक्षीची खोली तशीच राहते आणि रबर प्राणवायूनें व ओझोननें आंतून कडक होत जातें. दिसण्यांत नवा, वयानें म्हातारा. पुष्कळ मोटार-कारखाने सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, आणि दहा वर्षें ही शेवटची मर्यादा समजली जाते. सप्टेंबर २०१२ मध्यें इंग्लंडांत सरे परगण्यांतील हाइंडहेडजवळ, संगीतोत्सवाहून तरुण मंडळींस परत नेणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जण दगावले. चौकशींत तो टायर एकोणीस वर्षांहून जुना निघाला. खुद्द बसहून वडील! त्याची नक्षी कायद्याच्या मापांत होती. मृतांपैकीं एका मुलाच्या आईनें पुढें वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्यें बस व लॉरी यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास मनाई झाली.

खासगी मोटारीस तो नियम लागू केलेला नाहीं. तेथें मालकानें स्वतःच पाहावयाचें. २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. तीनच आंकडे आढळले तर तो टायर गेल्या शतकांतला समजावा आणि त्याची किंमत विचारण्याच्या भरीस पडूं नये. हे आंकडे दोन्ही बाजूंस असतातच असें नाहीं. पुष्कळदां ते आंतल्या बाजूस येतात, आणि मग दिवा घेऊन गाडीखालीं शिरावें लागतें.