सातपुड्याच्या उतारावर: ड्रोनच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

ड्रोन उडवायला शिकणे वेगळे आणि ड्रोनचा अभ्यास करणे वेगळे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. उडवायला काही दिवसांचे प्रशिक्षण पुरते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहावी उत्तीर्ण आणि वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचे प्रमाणपत्र मिळवू शकते. विद्यापीठात आपण येतो ते वेगळ्या प्रश्नांसाठी. हे यंत्र हवेत का टिकते आणि कुठे टिकत नाही? त्याने काढलेल्या चित्रावर किती विश्वास ठेवायचा? आणि ते कोणाच्या घरावरून, कोणाला विचारून जाते?

हे प्रश्न समजून घ्यायला नंदुरबारइतका कसदार जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. दक्षिणेला तापीच्या खोऱ्यातली मिरची, पपई, केळी, ऊस यांची सपाट शेती, उत्तरेला सातपुडा, त्याच्याही पलीकडे सरदार सरोवराच्या फुगवट्याने पसरलेली नर्मदा. पाठ्यपुस्तकातला ड्रोन बहुधा मोकळ्या मैदानावर उडतो. इथे मैदान संपले की खरा अभ्यास सुरू होतो.

नर्मदाकाठच्या एखाद्या पाड्यावरून ड्रोन सोडला असे समजा. साधा ड्रोन आपली उंची मोजतो ती जिथून उठला त्या जागेपासून, खालच्या जमिनीपासून नव्हे. त्याला ६० मीटर उंचीवर ठेवून समोरच्या चढाकडे पाठवला, तर दोन-तीनशे मीटर गेल्यावर डोंगरच त्याच्या उंचीला येऊन भिडतो. संपर्क तुटला तर आपोआप परतण्याची सोय असते, पण ती बहुधा ठरलेल्या उंचीवरून सरळ रेषेत परत आणते. मध्ये डोंगराची धार असली तर ती सोयच घात करते. धारेच्या आड गेला की रेडिओचा दुवाही तुटतो. सातपुड्यातले तोरणमाळचे पठार साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. तेवढेच वजन तोलायला पंख्यांना जास्त वेगाने फिरावे लागते, बॅटरी लवकर उतरते. एकाच ड्रोनच्या सपाटीवरच्या शहाद्याच्या आणि तोरणमाळच्या उड्डाणांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हवेची घनता पुन्हा शिकवावी लागत नाही.

नकाशाचा विषय मला याहून महत्त्वाचा वाटतो. गावठाणातल्या मिळकती ड्रोनने मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला आणि २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. त्या पांढऱ्या रेषा वरून काढलेल्या छायाचित्रांत उतरतात. एकमेकांवर बराचसा भाग येईल अशा बेताने काढलेली शेकडो छायाचित्रे संगणकात जुळवली जातात, नकाशा बनतो, आणि चौकशीअंती घरमालकाच्या हाती सनद पडते. पण चुना ओढताना शेजारी दोघेही हजर होते का, ही बाब कॅमेऱ्याला दिसत नाही.

आता ही पद्धत सातपुड्यातल्या धडगावला नेऊन पाहा. पावरा आणि भिल्ल कुटुंबांची घरे गावठाणात दाटीने वसलेली नाहीत. ज्याचे घर त्याच्या शेतात, पाडे डोंगरभर विखुरलेले. गावठाणासाठी आखलेली मोजणी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. वनहक्काच्या दाव्यांत आणखी एक पेच आहे. २००६ च्या कायद्यानुसार जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असावी लागते. आजचा ड्रोन आजची बांधबंदिस्ती सेंटीमीटरच्या हिशेबात दाखवील, पण त्या वेळी तिथे नांगर चालत होता का, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. त्यासाठी जुनी उपग्रहचित्रे आणि गावातल्या जाणत्या माणसांची साक्ष लागते. आपल्या साधनाला काय ठाऊक असू शकत नाही, हे ज्याला नेमके सांगता येते तोच या विषयाचा खरा जाणकार.

आरोग्याबाबतही हाच विवेक हवा. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोविड लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोचल्या. सुमारे २० किलोमीटरचे अंतर दहाएक मिनिटांत कापले गेले. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या पाड्यांसाठी सर्पदंशावरचे प्रतिविष किंवा सिकलसेलच्या तपासणीचे रक्तनमुने असे नेता येतील, यात शंका नाही. पण बांबूच्या झोळीतून खाली आणावी लागणारी बाळंतीण ड्रोन उचलणार नाही. तिला रस्ताच लागतो. ड्रोनकडे बोट दाखवून कोणी रस्ता पुढे ढकलत असेल, तर आपण अभ्यासक म्हणून तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मानवरहित यंत्रे केवळ आकाशात असतात असेही नाही. जलाशयाच्या तळाशी किती गाळ साचला हे मोजणारी स्वयंचलित बोटही याच विद्येत येते, आणि नर्मदेचा फुगवटा तिच्यासाठी तयार प्रयोगशाळा आहे. शेतीत बहुवर्णी कॅमेरा मिरचीचा ताण डोळ्यांना जाणवण्याआधी टिपू शकतो. तो चुरडा-मुरड्याचा की पाण्याच्या कमतरतेचा, हे मात्र सरीत उतरून पान उलटून बघणाऱ्यालाच कळते.

या विद्येची मुळे आपल्याकडे रुजलेली आहेत. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली आणि डीआरडीओच्या साथीने ‘नेत्र’ हे टेहळणी यान घडवले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीतल्या ड्रोनवर काम चालते, आणि नंदुरबार त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते.

तेव्हा धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूरच्या मुलामुलींनो, या विषयात संकोच न करता या. कोणती धार कुठे वळते, दुपारी वारा कुठल्या दरीतून चढतो, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. ते शिकायला इतरांना वर्षे लागतात. इलेक्ट्रॉनिक्स, भूगोल, कृषी, कायदा, ज्या दाराने जमेल त्या दाराने या. गणित कच्चे ठेवू नका, आणि कोणत्याही गावावर पहिले उड्डाण करण्याआधी तिथल्या ग्रामसभेला विचारा.