आणीबाणी शक्तिसंच, विमानातील : इंधनदूषणाचा तपास

एफ-१६ या एका इंजिनाच्या अमेरिकी लढाऊ विमानात इंजिन हवेत बंद पडले, तर द्रवदाब पंप व विद्युत जनित्र चालू ठेवणारा संच. त्याचे इंधन एच-७०, म्हणजे ७० टक्के हायड्रॅझीन व ३० टक्के पाणी. इरिडियमयुक्त उत्प्रेरकावरून जाताच त्याचे अमोनिया, नायट्रोजन व हायड्रोजन या तप्त वायूंत विघटन होते आणि त्यांच्या झोतावर टर्बाइन फिरते. त्यासाठी हवा लागत नाही, ठिणगीही नाही. सुमारे २५ लिटरचा साठा १० ते १५ मिनिटे पुरतो.

अडचण अशी, की उड्डाणापूर्वीची चाचणी इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेवर होते. टर्बाइन धड आहे एवढेच तीत कळते. टाकीत महिनोन्‌महिने पडून असलेल्या द्रवाचा मात्र काहीच पत्ता लागत नाही. हायड्रॅझीन हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते व त्यातून कार्बाझिक आम्ल तयार होते. गंज किंवा तांब्याचे ऑक्साइड लागले, तर विघटन टाकीतच सुरू होऊन दाब चढतो. साफसफाईतून राहिलेले क्लोराइड धातू पोखरते, तर बारीक कण अंतःक्षेपकाची छिद्रे बुजवतात.

म्हणून नमुन्यात हायड्रॅझीनचे प्रमाण, लोह, क्लोराइड, कण आणि बाष्पीभवनानंतर उरणारा गाळ तपासतात. नमुना उघड्या हवेत काढला, तर तपासनीसच त्यात कार्बन डायऑक्साइड घालतो. त्यामुळे काम नायट्रोजनच्या आवरणाखाली करणे इष्ट. नुसते द्रव तपासून भागत नाही. ते ज्या धातूंना, सीलना व झडपांना लागले, त्यांचीही झडती घ्यावी लागते. कोलंबिया हे अवकाशयान ८ डिसेंबर १९८३ रोजी एडवर्ड्‌स तळावर उतरले, तेव्हा त्याच्या तीनपैकी दोन सहायक शक्तिसंचांना आग लागली होती. हे संच आणीबाणीचे नव्हते, पण इंधन हायड्रॅझीनच होते. अंतःक्षेपकाच्या नळ्यांना धातूच्या कणसीमांवरून तडे गेले होते व त्यांतून ते गळले होते.

गळतीचा तपास निराळा. अमेरिकेत कामाच्या जागी हायड्रॅझीनच्या बाष्पाची कायदेशीर मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १ भाग आहे, आणि अमोनियासारखा वास येतो तो ३ ते ४ भागांना. नाकावर विसंबणारा उशीरच करतो. संच हवेत चालला असेल, तर विमान वस्तीपासून दूर, शक्यतो डावा पंख वाऱ्याकडे करून उभे करतात. श्वसनसंच लावलेले पथक रंग बदलणाऱ्या शोधनळ्यांनी हवा तपासते. सांडलेले द्रव भरपूर पाण्याने पातळ करून हायपोक्लोराइटने निष्प्रभ करतात.