वॅटच्या इंजिनामागचा बोरिंग बार

जेम्स वॅटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफ सिलिंडरच्या बाहेर थंड करण्याची, कल्पना १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. तरी त्याचं इंजिन आणखी काही वर्षं रखडलं, कारण त्याला हवं तसं गोल सिलिंडर कोणी बनवून देईना. त्याआधीच्या न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरचं भोक ओबडधोबड असलं तरी निभायचं. पिस्टनला चामड्याची कड लावून वर पाणी सोडलं की फट बुजायची. वॅटची सगळी बचत मात्र सिलिंडर गरम राखण्यावर उभी होती. त्यात वरून पाणी ओतणं म्हणजे मुद्दलातच घाटा.

सिलिंडर आतून कातायची यंत्रं तेव्हाही होती. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यासाठी जॉन स्मीटनने असंच एक यंत्र आखलं होतं. लांब दांड्याच्या टोकाला कटर बसवलेला असे आणि त्याचं वजन सिलिंडरच्या आतच फिरणारा छोटा गाडा पेलत असे. पण गाडा ओतकामाच्याच पृष्ठभागावर चाले. ओतीव वाकडं असेल, तर कटरही त्याच वाकडेपणाने जाई.

हा पेच वेल्समधल्या बरशॅमच्या कारखान्यात सुटला. लोहारखान्याचा मालक जॉन विल्किन्सन याने २७ जानेवारी १७७४ रोजी तोफांचं भोक कातण्यासाठी पेटंट घेतलं. त्यात भरीव ओतलेली तोफ स्वतः फिरे आणि न फिरणारा बार सरळ पुढे सरके. पुढे सिलिंडरसाठी त्याने वेगळी रचना केली. सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडं असतं. म्हणून त्याने जाड बार आरपार घातला, दोन्ही टोकांना बेअरिंगचा आधार दिला आणि कटरचं डोकं बारवरूनच सरकवलं. आता भोकाची दिशा ओतीव नव्हे, बार ठरवू लागला.

मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड खाणीवर विल्किन्सनने कातलेल्या ५० इंची सिलिंडरचं वॅटचं इंजिन सुरू झालं. त्या सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असं वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने लिहून ठेवलं आहे. तोफांचं पेटंट १७७९ मध्ये रद्द झालं; बोल्टन आणि वॅटची सिलिंडरं मात्र पुढे अनेक वर्षं मुख्यतः विल्किन्सनकडूनच येत राहिली.

आजच्या लेथवर बोरिंग बार बहुधा एकाच टोकाला, टूलपोस्टमध्ये पकडतात, आणि दांड्याच्या मोकळ्या टोकाला भक्कम आधार नसण्याची स्मीटनची अडचण तिथे पुन्हा उभी राहते. बार दुप्पट बाहेर काढला तर तेवढ्याच जोराने आठपट वाकतो. जाडी निम्मी केली तर सोळापट. म्हणून स्टीलचा बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असा कारखान्यांतला ठोकताळा आहे. जास्त काढला की चॅटर, म्हणजे बारची थरथर, येतो आणि भोकात लाटा उमटतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून पुण्याच्या टूलरूमपर्यंत कसलेला टर्नर शेवटचा कट खोली न वाढवता पुन्हा फिरवतो, कारण कापताना दबलेला बार थोडं मटेरियल मागे सोडतो. काम लांबच असेल, तर जॉब कॅरेजवर बांधून बार दोन सेंटरमध्ये फिरवतात. ही थेट बरशॅमची रीत.

वाफेच्या युगाचं श्रेय पाठ्यपुस्तकं एकट्या वॅटला देतात. त्या धड्यात विल्किन्सनच्या बारलाही जागा मिळायला हवी; त्याच्याविना वॅटचं पेटंट बराच काळ कागदावरच राहिलं असतं.