बंदुकीवरील दुर्बिणीची कुळकथा

कळमन्याच्या बाजारातील जाणता अडत्या ज्याप्रमाणे हाती आलेले लोखंडी वजन प्रथम उलटे करून त्यावरील वजनमाप खात्याचा शिक्का पाहतो, त्याप्रमाणे बंदुकीवरील जुन्या दुर्बिणीचे वय ठरवू पाहणाऱ्याने आधी तिच्या अंगावरील खुणा वाचाव्यात आणि मगच तिच्या काचेला डोळा लावावा. या यंत्राच्या वंशाची एक शाखा आपल्याच इलाख्यातून गेली आहे, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. मुंबईच्या फौजेतील डेव्हिड डेव्हिडसन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील चाकरीतच शिकारीच्या बंदुकीला दुर्बीण जोडण्याचे प्रयोग केले. पुढे विलायतेत १८६२ साली त्याने बंदुकीच्या कुशीस बसणाऱ्या दुर्बिणीचे पेटंट घेतले, आणि अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती व्हिटवर्थ रायफलीवर चढविली.

त्या काळच्या दुर्बिणींत नेम सुधारण्याचे स्क्रू नळीबाहेर, तिच्या बैठकीत असत; ते नळीच्या पोटात गेले ते पुढच्या पिढ्यांत. भिंगावर निळसर-जांभळी झाक दिसली, तर येना येथील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली शोधलेल्या परावर्तनरोधक लेपाचे स्मरण करावे. मात्र भिंग मागाहून बदललेले असू शकते, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर निवाडा देऊ नये.

कळमन्यापलीकडे कामठीची छावणी १८२१ पासून उभी असल्याने लष्करी मालावरील बाणाची सरकारी खूण या मुलुखास अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘नंबर ३२’ या तिप्पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीच्या नळीवर हीच खूण, शेजारी प्रतीचा अंक, अनुक्रमांक, साल आणि कारखान्याची आद्याक्षरे कोरलेली असतात. मुळात ब्रेन गनसाठी योजलेली ही दुर्बीण ली-एन्फील्डच्या नेमबाजी रायफलीवर स्थिरावली. तिच्या पहिल्या प्रतीची अंतराची चकती पन्नास-पन्नास यार्डांनी पुढे सरके. दुसरीची अंशाच्या साठाव्या भागाने, म्हणजे एका कलेने. तेव्हा बोटाला जाणवणारा हा टप्पा आणि नळीवर कोरलेली प्रत यांचा मेळ बसत नसेल, तर दुरुस्तीखात्याचा हात मध्ये पडला आहे असे समजावे.

सर्वांत भरवशाचा दाखला दुर्बिणीवर नसून रायफलीच्या दस्त्यावर, मुठीपाशी असतो: तेथे जोडीच्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे, आणि दुर्बिणीच्या बैठकीवर रायफलीचा. हे दोन्ही आकडे जुळले तरच जोडी मूळची म्हणावी. एरवी बंदुकीचे साल बंदुकीच्या नावे आणि दुर्बिणीचे दुर्बिणीच्या नावे, अशी स्वतंत्र नोंद करावी.