तळटीप १४ : संप

१४. संप : येथे १ जून २०१७ रोजी सुरू झालेला शेतकरी संप अभिप्रेत आहे. हाक नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याची. दूध आणि भाजीपाला शहरांत जाऊ द्यायचा नाही, हे हत्यार. डिंगोरे गाव कल्याण–नगर रस्त्यावर, माळशेज घाटाच्या अलीकडे असल्याने मुंबईकडे जाणारा माल दारावरूनच जातो. संप फक्त पगारदारांनी करायचा, हा समज शहरी. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसली नाही, तोही संपच.

‘बंद’ संपाहून वेगळा, तो बाजारपेठेचा; ‘हरताळ’ हे त्याचे जुने नाव. ‘चक्का जाम’ वाहनांचा.

पुढच्या परिच्छेदातला ‘मोठा संप’ मात्र मुंबईतला गिरणी संप (१८ जानेवारी १९८२ पासून, नेते डॉ. दत्ता सामंत).