मूल-मारोडा : मार्कंड्याच्या वाटेवरचें स्टेशन

वैनगंगा मार्कंड्याजवळ वळण घेऊन उत्तरेकडे वाहूं लागते. नदीच्या डाव्या तीरावरील तेथील देवळांचा समूह सुमारें हजार वर्षांपूर्वींचा आहे. पुराणवस्तु-खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम हे 1873-74 च्या दौऱ्यांत तेथें गेले, तेव्हां त्या मुलखांत आगगाडीचा मागमूसहि नव्हता. पुढें चाळीस वर्षांनीं ती आली. पण मार्कंड्यास मात्र आली नाहीं.

बंगाल-नागपूर रेल्वेनें अडीच फूट रुंदीचा रूळ गोंदियाहून नागभीडपर्यंत 1908 सालीं आणला, आणि 1913 पर्यंत तो चांद्याच्या किल्ल्याशीं नेऊन भिडविला. या मार्गानें वैनगंगा ओलांडली ती वडशाजवळ, वर उत्तरेस. तेथून तो नदीला पाठ करून सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर असा जंगलांतून गेला. रेल्वेला हवें होतें लांकूड, बांबू आणि धान. देवदर्शनाची गर्दी वर्षांतून एकदां, महाशिवरात्रीला. तेवढ्यासाठीं नदीवर दुसरा पूल कोण बांधणार?

म्हणून मार्कंड्याच्या वाटेवरचें स्टेशन म्हणजे मूल-मारोडा. मूल आणि मारोडा या दोन गांवांचीं नांवें तेथें एका पाटीवर नांदतात. याच मार्गावर 'तळोधी रोड' असें एक स्टेशन आहे. गांव रुळापासून दूर असलें कीं नांवापुढें 'रोड' जोडावयाचा, ही रेल्वेची जुनी रीत. 'मार्कंडा रोड' म्हणण्याइतकी सवलतहि त्या देवस्थानाला कोणी दिली नाहीं, याचें थोडें नवल वाटतें. गाडींतून उतरलेल्या यात्रेकरूपुढें बैलगाडीची लांबलचक वाट असे, आणि शेवटीं नदी. हल्लीं नदीवर पूल आहे आणि मोटारी जातात. पण त्या काळीं शेवटचा टप्पा आगगाडीपूर्वींच्या यात्रेसारखाच राहिला.

मधल्या काळांत पुष्कळ उलथापालथ झाली. 1944 सालीं कंपनीची रेल्वे सरकारची झाली. 1964 सालीं चांद्याचें चंद्रपूर झालें, तरी स्टेशनाची पाटी 'चांदा फोर्ट' हेंच नांव सांगत राहिली. 1982 सालीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला; मार्कंडा त्यांत गेला, मूल चंद्रपुराकडे राहिलें. नव्या जिल्ह्याच्या वांट्याला स्टेशन आलें तें एकच, वडशाचें. पांच वर्षें नव्हेत, दोन पिढ्यांचा काळ उलटून गेल्यावर, 1990 नंतरच्या दशकांत, हा अरुंद रूळ काढून तेथें रुंद रूळ घातला गेला. पुढें वडसा ते गडचिरोली असा नवा मार्ग मंजूर झाला. तो चामोर्शीपर्यंतहि येत नाहीं.

मार्कंड्याचा यात्रेकरू आगगाडीनें निघाला, तर अजूनहि मूल-मारोड्यालाच उतरतो, आणि स्टेशनाबाहेर येऊन पूर्वेकडच्या, नदीच्या रस्त्याला लागतो.