२० मार्च (महाडचा दिनविशेष)

इंग्रजी वर्षाचा ७९ वा आणि लीप वर्षाचा ८० वा दिवस. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत या दिवशी फाल्गुन २९ (लीप वर्षी फाल्गुन ३०) असतो. वसंतसंपात २० किंवा २१ मार्चला येतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली याच तारखेला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यामुळे हा दिवस ‘सामाजिक सबलीकरण दिन’ म्हणूनही पाळला जातो.

चवदार तळे, १९२७

रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात फरक पडला नाही. तळे गावाच्या मध्यात, भोवताली सवर्णांची घरे. मुसलमान पाणी भरत, जनावरेही पीत, पण अस्पृश्यांनी काठावर जाण्याची सोय नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी गायकवाड, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी तयारीत पुढाकार घेतला. परिषदेला आलेल्या हजारो लोकांच्या पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावचे तळे कागदोपत्री तीन वर्षे खुले होते, तिथला हा खर्च होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कामकाज संपत आले तेव्हा चित्रे यांनी सर्वांनी तळ्यावर जावे असे सुचवले. प्रतिनिधी रांगेने बाजारपेठेतून तळ्यावर गेले. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग इतरांनीही घेतले, आणि मंडळी मांडवात परतली. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. जमावाने मांडवात जेवणाऱ्या आणि परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींना मारहाण केली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. आंबेडकरांनी आपल्या लोकांना हात उगारू दिला नाही. पुढे पंचगव्याचे घडे ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले आणि महाडचा वृत्तान्त त्यातून वाचकांपर्यंत गेला.

दावा आणि निकाल

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा महाडच्या दिवाणी न्यायालयात लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे पुन्हा पाणी घेण्याचा बेत पुढे ढकलावा लागला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. महाड आणि ठाणे येथील न्यायालयांत वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निष्कर्ष न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी दिला. १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच. तळ्यावर जाण्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी एवढा काळ गेला.

याच तारखेच्या इतर घटना

१६०२ : डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना. कोकणात वेंगुर्ल्याला तिची वखार होती.
१८५२ : हॅरिएट बीचर स्टो यांची गुलामगिरीविरोधी कादंबरी ‘अंकल टॉम्स केबिन’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध.
१९५६ : ट्युनिशिया फ्रान्सपासून स्वतंत्र.
२०१८ : महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेवर बंधने घातली. त्यावर देशभर निदर्शने झाली. संसदेने ऑगस्टमध्ये कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने हे निर्देश मागे घेतले.
२०२० : निर्भया खटल्यातील चार दोषींना तिहार तुरुंगात फाशी.

जन्म

हेन्रिक इब्सेन (१८२८), नॉर्वेचे नाटककार. १९३० नंतरच्या मराठी नाटकावर त्यांच्या तंत्राचा प्रभाव पडला.
वसंत कानेटकर, नाटककार. कवी गिरीश यांचे चिरंजीव. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) हे नाटक शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातील ताणावर आहे. तो रायगड महाड तालुक्यातच येतो, त्यामुळे या यादीतले महाडला सर्वांत जवळचे नाव हेच.
अलका याज्ञिक (१९६६), पार्श्वगायिका.

मृत्यू

आयझॅक न्यूटन (१७२७), जुन्या पंचांगानुसार. इंग्लंडने १७५२ मध्ये स्वीकारलेल्या नव्या पंचांगात ही तारीख ३१ मार्च येते.
बा. सी. मर्ढेकर (१९५६), मराठी नवकवितेचे प्रवर्तक आणि सौंदर्यमीमांसक. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथासाठी त्यांना मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.
खुशवंत सिंग (२०१४), लेखक व पत्रकार.

इतर दिनविशेष

जागतिक चिमणी दिवस (२०१० पासून, नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीचा पुढाकार) आणि संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय आनंद दिन (२०१३ पासून).

तिथी आणि तारीख

महाड-पोलादपूर परिसरातील जुने स्मरणदिन मुळात तिथीचे आहेत. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथे त्यांची पुण्यतिथी माघ वद्य नवमीला पाळतात. इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७०. रायगडावरील राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे ६ जून १६७४ चा. गडावर हा सोहळा तिथीनेही होतो आणि तारखेनेही, त्यामुळे वर्षातून दोनदा गर्दी होते. २० मार्चला असा दुसरा पर्याय नाही. नगरपालिकेचे ठराव, पोलिसांची नोंद, वृत्तपत्रे आणि कोर्टाचे कागद या सगळ्यांत ही घटना इंग्रजी तारखेनेच नोंदली गेली, आणि ती पाळणाऱ्यांनी तीच तारीख धरली. ऐन शिमग्याच्या दिवसांत ही तारीख येते तेव्हा महाडमध्ये पालख्या आणि निळे झेंडे एकाच आठवड्यात दिसतात.

दरवर्षी या दिवशी राज्यभरातून अनुयायी महाडला येतात. मुंबईकडचे महामार्गाने, तर सातारा-महाबळेश्वरकडचे आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे. क्रांतिस्तंभ आणि चवदार तळे येथे अभिवादन होते. सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ रोजी आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाची शताब्दी त्यानंतर दहा वर्षांनी, मार्च २०३७ मध्ये.